दक्षिणेकडे बघणारी आवडी

फार वर्षांपूर्वी, शेवरेबंदरात अजून रॉकेलसुद्धा पोचलं नव्हतं, तेव्हा खाडीच्या तोंडाशी असलेल्या उंच सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आवडी नावाची एक बाई एकटी राहायची. दिवस मावळला की दगडी कोनाड्यात उंडीच्या तेलाचा मोठा दिवा लावायचा, एवढंच तिचं काम. गावच्या होड्या उत्तरेकडच्या पाण्यात मासे मारायला जात आणि तिन्हीसांजेला त्या दिव्याकडे तोंड करून परत येत. सड्याखाली आल्यावर डावीकडे वळलं की खाडी आणि घर. उजवीकडे मात्र पाण्याखाली टोकदार खडकांची रांग होती. तिला दातेरी म्हणत. दातेरीवर गेलेल्या होडीच्या फक्त फळ्या परत येत.

त्या काळी गावात एक रीत होती. दक्षिण दिशा यमाची, म्हणून आकाशात तिकडचे तारे कोणी बघायचे नाहीत. ध्रुव सगळ्यांना ठाऊक, सप्तर्षी ठाऊक, कृत्तिका तर लहान पोरंही दाखवत. दक्षिणेला एकटा अगस्ती काय तो ओळखीचा, कारण तो ऋषी. त्यालाही लांबूनच हात जोडायचे. बाकीच्यांकडे एखाद्या मुलानं बोट केलंच, तर त्याला ते बोट चावायला लावायचे. तिकडे बघायचं ते फक्त आवडीच्या दिव्यापुरतं.

आवडी मात्र तिकडेच बघायची. तिचा नवरा धाकू होडी घेऊन सड्याला वळसा घालून दक्षिणेला गेला, तो आलाच नाही. फळीही आली नाही. आवडीनं बांगड्या फोडल्या नाहीत. म्हणाली, "फळी आली की फोडीन." मग गावाला कळेना की हिला हळदीकुंकवाला बोलवायचं की हिचं सांत्वन करायचं. म्हणून गावानं दोन्ही सोडून दिलं.

दिव्याचं तेल तेवढं नेमानं यायचं. सड्याच्या पायथ्याशी उंडीचं झाड होतं, तिथे कोणीतरी भांडं ठेवायचं आणि ओरडायचं, "तेल ठेवलंय गो!" आवडी उतरून येईपर्यंत माणूस वळणाआड गेलेला असायचा. तिला फक्त पाठ दिसायची. पाठीवरून ती माणसं ओळखायला शिकली होती.

बोलायला कोणी नव्हतं, तेव्हा तिनं ताऱ्यांना नावं दिली. दक्षिणेकडच्या ताऱ्यांना गावानं नावं दिलीच नव्हती, म्हणून तिला सगळी मोकळीच सापडली. एक तुटका गळ होता. एक कोलंबी होती, शेपूट वाकडी करून बसलेली. समुद्राच्या अगदी जवळ, थोडा वेळ दिसून बुडणारी एक रुसकी जाऊ होती. कोण कधी येतं, कोण कोणाच्या मागून मावळतं, हे तिला घरच्या माणसांसारखं पाठ झालं. दिवा लावून झाला की ती एकेकाला हाक मारायची. कोणी ओ देत नसे. पण कोणी पाठही फिरवत नसे.

असं म्हणतात, की माघातल्या एका संध्याकाळी तिनं हाका मारल्या आणि एक जण जास्त निघाला.

अगस्तीच्या बऱ्याच खाली, उजव्या हाताला, पाण्याच्या थोडा वर तो होता. काल तिथे काही नव्हतं. आवडीनं डोळे चोळले, कोलंबीपासून पुन्हा सुरुवात केली. तो होताच. दुसऱ्या दिवशी मोठा झाला, तिसऱ्या दिवशी अगस्तीला मागे टाकलं. आठवडा संपेतो तो असा तेजाळला, की खालच्या पाण्यावर त्याची चकाकती वाट पडू लागली. आवडीला वाटलं, इतक्या वर्षांनी कोणीतरी आपल्या दारात आलंय. त्याला काय नाव द्यावं ते तिला सुचेना. ती त्याला नुसतं "पावणा" म्हणायची. त्या दिवसांत ती एकटीच हसायची असं म्हणतात.

मग एके दिवशी तिच्या ध्यानात आलं, की पावणा उभा राहतो तो नेमका दातेरीच्या डोक्यावर.

तिचं हसू गेलं. उत्तरेकडून येणाऱ्या होडीला दक्षिणेला एकच उजेड माहीत होता. आता दोन झाले होते, आणि त्यातला मोठा तिचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बंदरावर उतरली. कित्येक महिन्यांनी उतरली असेल. भागोजी तांडेल, म्हणजे गावातला सगळ्यात जाणता नाखवा, वाळूवर बसून जाळं सांधत होता. भोवती चार खलाशी होते. आवडी लांबच उभी राहिली.

"तांडेलकाका, दक्षिणेला नवा तारा आलाय. दातेरीवर उभा राहतो. माझ्या दिव्यापेक्षा मोठा दिसतो. चुकाल."

भागोजीनं मान वर केली नाही. "यमाच्या दारात दिवा लागला, नि बोलावणं घेऊन आलीस होय?"

"चेष्टा नाय काका. एकदा बघा तरी."

"आमी तिकडं बघत नाय, म्हणून तर जिते हाव."

खलाशी हसले. त्यातल्या एकानं विचारलं, "पण आवडीवैनी, दोन दिवे दिसले तर तुझा कुठला, ते कसं कळायचं गो?"

"अरे, त्यात काय!" भागोजी म्हणाला. "आवडीचा दिवा डोळा मारील की आपल्याला!"

सगळी वाळू हसली. आवडी खाली मान घालून सड्यावर परत आली. तिचा उतरलेला चेहरा कोणी पाहिला नाही, सगळ्यांनी पाठच पाहिली.

फाल्गुन लागला. डोंगरात शेतकऱ्यांनी पेरणीआधी जमीन भाजायला भाजवळ पेटवली होती आणि तिचा धूर उतरून सड्याला वेढून बसला होता. त्या संध्याकाळी आवडीनं दिवा लावला तर तो निखाऱ्यासारखा तांबूस दिसू लागला. समुद्रावर मात्र हवा स्वच्छ होती आणि तिथे पावणा लखलखत होता.

उत्तरेला शिडं दिसली. गावच्या सगळ्या होड्या एकामागोमाग एक येत होत्या, पुढे भागोजीची. आवडी कड्याच्या टोकाशी गेली. रोज होड्यांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तिच्याकडे असायची, म्हणजे शीड तिला अरुंद दिसायचं. आज शिडांची अंगं दिसत होती, रुंद, पांढरी. होड्या तिच्याकडे येत नव्हत्या. त्या पावण्याकडे चालल्या होत्या.

तिनं ओरडून पाहिलं. वारा उत्तरेचा, आवाज मागे डोंगरात गेला. तिनं दिव्यात सगळं तेल ओतलं, वात जाड केली. तरी पावणाच मोठा. तिनं आकाशाकडे बघितलं आणि म्हणाली, "तू डोळा मीट रे. थोडा वेळ तरी मीट." पावणा मिटेना. ताऱ्याला डोळा मिटता येत नाही.

आणि तिथेच तिला भागोजीची चेष्टा आठवली.

तिनं तांदूळ पाखडायचं सूप उचललं आणि दिव्यापुढे धरलं. सड्यावर अंधार झाला. एक श्वास थांबली आणि सूप काढलं. पुन्हा धरलं, पुन्हा काढलं. धर, काढ. धर, काढ. सूप तापलं, कडेनं काळं पडलं, मग पेटलं. तिनं ते फेकलं आणि लुगड्याचा पदर भिजवून धरला. पदर सुकून करपला, तेव्हा तिनं दोन्ही तळवे धरले. बांगड्या तापून मनगटाला चिकटल्या, तरी तिचे हात थांबले नाहीत, असं म्हणतात.

तिकडे होडीवर भागोजी सुकाणू धरून आवडीचाच दिवा समजून समोरच्या तेजाकडे बघत होता. नाळेवरचा खलाशी एकदम म्हणाला, "काका, डावीकडं ते काय? कोणीतरी विस्तव लावतंय नि विझवतंय."

भागोजीनं बघितलं. तांबूस ठिपका होता. गेला. आला. गेला. आला.

"अरे देवा," तो म्हणाला, "डोळा मारतोय!"

त्यानं सुकाणू असं ओढलं की होडीच्या फळ्या करकरल्या. मागच्या होड्या त्याच्यामागून वळल्या. उजव्या हाताला दातेरीवर फुटणारा फेस सगळ्यांनी पाहिला, इतक्या जवळून की तोंडावर तुषार आले. त्या संध्याकाळी गावची एकही चूल रडली नाही.

दुसऱ्या दिवशी अख्खा गाव सडा चढून गेला. कोणी नारळ आणला, कोणी हळद-तेल आणून तिच्या हातांना लावलं. भागोजीनं नवं सूप आणलं होतं. ते पुढे ठेवून तो म्हणाला, "दाखव बघू तुझा पावणा." संध्याकाळी तिनं दाखवला. दक्षिणेकडे मान वर करून बघणारा तो गावातला पहिला पुरुष.

पण गाव म्हणजे गाव. चार दिवस माणसं आली, मग दोन आली, मग पुन्हा झाडाखालून हाक येऊ लागली, "तेल ठेवलंय गो!" आता आवाजात माया होती एवढंच. आवडी मात्र तेव्हापासून रोज होड्या दिसल्या की नवं सूप धरून-काढून दिव्याला डोळा मारायला लावायची. आणि पावणाही फिका पडू लागला. चैत्रात तो अगस्तीएवढा झाला, मग कोलंबीच्या डोळ्याएवढा. नंतर आवडी रिकाम्या जागेकडे बघून म्हणायची, "हितं होता."

तिथून पुढे ती किती वर्षं जगली ते कोणी सांगत नाही. तिचं जाणं मात्र सगळे सांगतात. एका फाल्गुनात होड्या परतत होत्या. सड्यावर दिवा होता आणि तो नेहमीसारखा डोळा मारत होता. सगळ्या होड्या नीट घरी आल्या. पायथ्याशी तेल ठेवायला गेलेल्या माणसाला तिथे आधीचंच भांडं भरलेलं दिसलं. त्याच्या आधीचंही. तो धावत वर गेला. कोनाड्यातला दगड थंड होता, वातीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं, आणि आवडी दाराशी दक्षिणेकडे तोंड करून बसलेली होती. तिला जाऊन कित्येक दिवस झाले होते. हातांत बांगड्या तशाच होत्या.

आता शेवरेबंदरात वीज आहे. तरी फाल्गुनाच्या अवसेला तिन्हीसांजेला सगळा गाव घरचे दिवे बंद करतो आणि सड्यावर चढतो. उंडीच्या तेलाचा दिवा लागतो आणि गावातली सगळ्यात म्हातारी बाई त्याच्यापुढे सूप धरते नि काढते. दुर्बिणी घेऊन लांबून हौशी मंडळीही येतात. ती सांगतात, की असा एकाएकी दिसणारा नवा तारा खरं तर नवा नसतो. एखादा फार मोठा, म्हातारा तारा संपताना भडकतो. त्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला शेकडो, हजारो वर्षं लागतात, म्हणून आपल्याला तो दिसतो तेव्हा तो तिथे उरलेलाच नसतो. हे ऐकून शहरातल्या पाहुण्यांना नवल वाटतं. गावच्या बायका मात्र मान डोलावतात. "आमच्या आवडीचंही तसंच झालं," म्हणतात.

मग मुलं दक्षिणेकडे तोंड करून बसतात आणि हाका मारू लागतात. तुटका गळ, कोलंबी, रुसकी जाऊ. शेवटी दातेरीच्या वरची रिकामी जागा येते. तिथे सगळी थांबतात. म्हातारी विचारते, "कोण आलंय का रे?"

"अजून नाय!"

"मग बघत राहा."

मुलं बघत राहतात. अंधारात सगळ्यांची बोटं तिकडे वळलेली असतात, आणि कोणी कोणाला बोट चावायला लावत नाही.