केरबाने मशीनला फोटो ओळखायला शिकवलं

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. सांगाल ते करायचा, आणि सांगाल तेवढंच करायचा. शिवाअण्णांच्या फ्लेक्सच्या दुकानात तो कामाला होता.

दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये गावभराचे फोटो साठले होते. एखादा शोधायचा तर दुपार जायची. म्हणून अण्णांनी एआय आणलं. त्याला चार फोटो दाखवून हे काय ते सांगायचं, की बाकीच्या फोटोंना ते आपलं आपण नाव चिकटवायचं. मग नाव टाईप केलं की फोटो हजर.

"केरबा, फोटोत दिसेल ते त्याला सांग," अण्णा म्हणाले.

पहिल्या फोटोत केरबाला मिशी दिसली. त्याने 'मिशी' सांगितलं. दुसऱ्यातही मिशीच. संध्याकाळपर्यंत निम्मं गाव 'मिशी' होऊन बसलं.

"अरे, मिशी काय सांगतोस? कुणाची, ते सांग!"

"बरं."

पुढचा फोटो बैलाचा. बैल कुणाचा? हिंदुराव जगदाळ्यांचा. केरबाने तसं सांगितलं. एआयने गावातले सगळे बैल हिंदुराव करून टाकले. हिंदुरावांच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागला. खाली 'आमचे मार्गदर्शक', वर शिंगांना रिबीन बांधलेला बैल.

अण्णांनी कपाळावर हात मारला. "अरे, ज्याचा फोटो, त्यालाच नाव विचारत जा!"

"बरं."

पुढचा फोटो तान्ह्या बाळाचा. केरबा पाळण्यापाशी जाऊन वाकला. "नाव काय तुझं?"

"बू," बाळ म्हणालं.

बारशाचा फ्लेक्स 'चि. बू' यांच्या नावाने छापून झाला.

"नावं राहू देत बाबा," अण्णांनी हात जोडले. "प्रसंग शिकव. गळ्यात हार म्हणजे श्रद्धांजली. आणि छापण्याआधी घरी फोन करून खात्री कर. आता चुकलास तर दुकानाला कुलूप लागेल!"

केरबाने मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी अण्णा शाई आणायला शहरात गेले होते. इकडे नव्या ग्रामपंचायतीच्या सत्काराचा फोटो आला. सरपंचबाई आणि सगळे पंच, गळ्यात हार घालून उभे. एआयने लगेच नाव चिकटवलं, 'श्रद्धांजली'.

केरबा चरकला. एवढी माणसं! पण खात्री करायला हवी. त्याने सरपंचबाईंच्या घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"बाई आहेत का?"

"नाही रे, गेली ती."

"आणि पंच?"

"सगळेच गेले. एकाच जीपमध्ये होते. जाताना मला एका शब्दाने सांगितलं नाही बघ!"

केरबाला रडू कोसळलं. डोळे पुसत त्याने दुकानातला सगळ्यात मोठा फ्लेक्स छापला आणि फाट्यावर लावला. गाव गोळा झालं. बायका हुंदके देऊ लागल्या. तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली. सरपंचबाई घाईघाईने उतरल्या.

"केरबा, कोण गेलं रे?"

"तुम्हीच, बाई," केरबा हुंदका आवरत म्हणाला, आणि त्यांच्या ओंजळीत फुलं ठेवली. "सगळेच्या सगळे गेलात. या, आधी तुम्ही वाहा, मग मागच्यांना येऊ द्या."