कडब्यातले कप्पे

“कप्पे परत येतील का रे?” अक्कांनी विचारलं.

“येतील की. कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं,” मी म्हणालो.

सगळं म्हणजे, त्याच्यावरची धूळ पुसता येते. चालू करायचं बटण कुठं आहे ते परवा कळलं, तेही कोपर लागलं म्हणून.

अक्का नव्या पडद्याकडं बघत राहिल्या...

गिरजाक्का या आमच्या डोंगरावरच्या मठाच्या गुरू. वय अठ्ठ्याहत्तर, दात चार, शब्द त्याहून कमी. मी भुजंगा. वय एकाहत्तर, दात सगळे, आणि शब्दांचं विचारूच नका. एकतीस वर्षं त्यांच्या चुलीत लाकडं घालतोय. शाळा चौथीपर्यंत. पुढच्या वर्गाच्या मास्तरांच्या खुर्चीला मी खाजकुयली लावली. मास्तरांची बदली झाली आणि माझी कायमची सुट्टी.

तर कप्प्यांचं सांगत होतो.

लोक मठात प्रश्न लिहून पाठवतात. अक्का उत्तर लिहितात आणि मग ते पत्र रुमालात बांधतात. पांढऱ्या रुमालात उत्तर दिलेली पत्रं. पिवळ्यात उत्तराची गरज नसलेली. ही माणसं प्रश्न विचारत नाहीत, आपली हुशारी कळवतात. आणि काळ्यात ती, ज्यांचं उत्तर अक्कांना ठाऊक नाही.

काळा रुमाल सगळ्यांत जाड. दुसऱ्या मठांत हा रुमाल मी पाहिलेला नाही.

सहा वर्षांपूर्वी पत्रं ईमेलवर यायला लागली. कुणा भक्तानं कॉम्प्युटर दिला, त्यात तसेच तीन कप्पे करून दिले. अक्का तांदळातले खडे वेचल्यासारखं एकेक अक्षर वेचून उत्तरं लिहू लागल्या. मग तो कॉम्प्युटर म्हातारा झाला. त्याच्या जाळीत पालीनं अंडी घातली. चालू केला की माझ्यासारखा खोकायचा.

म्हणून गेल्या रविवारी कुलथेसर नवा घेऊन आले.

कुलथेसर तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं. कुठल्याही गोष्टीच्या आधी म्हणतात, “सिंपल आहे.” नवा कॉम्प्युटर जोडला, ईमेल चालू केला. आत नवी पत्रं चार. कप्पे एकही नाही. सहा वर्षांची पत्रं गायब.

“सिंपल आहे,” सर म्हणाले आणि तीन तास बटणं दाबत बसले.

आज बुधवारी परत आले होते. चेहऱ्यावर झोप नव्हती.

मला मात्र आतून उकळ्या फुटत होत्या. कारण सांगतो. सांगायला नको, पण आता काय राहिलंय.

मठाची एक रीत आहे. प्रश्न बाहेरच्यानं विचारायचा, आतल्यानं नाही. आतल्यानं लाकडं फोडायची, म्हैस धुवायची. जे कळायचं ते त्यातून कळतं म्हणे. ज्याला राहवणार नाही त्यानं खुंटीवरची आपली घोंगडी उचलायची आणि पायऱ्या उतरायच्या. बसलिंग असाच गेला. भाकरी काय करायचा! एक प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून भाकरी मी करतोय. त्याचा प्रश्न कुणाला आठवत नाही. भाकरी सगळ्यांना आठवतात. माझी खाताना तर फारच.

एकतीस वर्षं म्हैस धुतली. मला काही कळलं नाही. म्हशीला कळलं असेल.

म्हणून मी बाई झालो.

खाली हळदगावला मंगळवारचा बाजार भरतो. मीठमिरची आणायला मी जातो. तिथं ऑनलाइन फॉर्म भरायचं एक दुकान आहे. दुकानदाराकडच्या फोनात बोललं की अक्षरं उमटतात. सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी मी त्या फोनात बोललो: सुमनबाई तिडके, मुक्काम नागपूर, विधवा. फोनाला आवाजाचं काही पडलेलं नसतं, तरी मी बारीक आवाज काढला. काम चोख हवं. दुकानदार स्टुलावरून पडला.

पहिलं पत्र निव्वळ चेष्टा होती. “अक्का, झोप येत नाही. देव मोठा का झोप?”

पुढच्या मंगळवारी दुकानदारानं उत्तर छापून हातात दिलं. “दुपारी झोपणं बंद करा.”

मी दुपारी झोपणं बंद केलं.

मग चेष्टा चेष्टेतच सहा वर्षं गेली. थोरला भाऊ गेला तेव्हा मी गेलो नव्हतो, त्याबद्दल विचारलं. संध्याकाळी उगीच भीती वाटते, त्याबद्दल विचारलं. बाईच्या नावानं खरं बोलायला सोपं पडतं. मिशीमागून जमत नाही.

पाच आठवड्यांमागं शेवटचं पत्र गेलं. त्याचं उत्तर आलं नाही.

आता कप्पे गेले म्हणजे पत्रं गेली, पुरावा गेला, सुमनबाई सुटल्या आणि मीही. पायऱ्या उतरायची भीती नाही. एका परीनं झकास. एका परीनं... उत्तरही गेलंच की.

“सिंपल आहे,” कुलथेसर आज म्हणाले. “जुना कॉम्प्युटर पत्रं आपल्या पोटात ओढून घ्यायचा. ईमेलवाल्या कंपनीकडं काही शिल्लक ठेवायचा नाही. कप्पेही त्याच्याच पोटात. तो डबा द्या, पंधरा मिनिटांत सगळं इकडं आणतो. कुठाय तो?”

“भंगारवाल्याला दिला,” मी म्हणालो.

“कधी?”

“आला होता तेव्हा.”

“तीनशे पायऱ्या चढून भंगारवाला आला?”

“भाविक होता.”

सरांनी कपाळाला हात लावला. “अक्का, मग संपलं. सहा वर्षांची पत्रं विसरा.”

अक्कांनी चष्मा काढला. पदरानं पुसला. परत लावला...

“एक उत्तर द्यायचं राहिलंय,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं न बघता, “भुजंगा, म्हशीला कडबा घाल.”

“सकाळीच घातलाय.”

“आता तळातल्या पेंढ्या काढून घाल.”

“तळातल्या कशाला? वरच्या आहेत की.”

“काल म्हैस काळी वायर चघळत होती. पोट बिघडेल तिचं.”

म्हशीसारखं फितूर जनावर नाही. एकतीस वर्षं अंघोळ घातली तिच्या तीन पिढ्यांना.

मी गोठ्यात गेलो. कडबा उपसला. रविवारी दुपारी लपवलेला डबा काढला, छातीशी धरला आणि मान ताठ ठेवून आत आलो. माफीबिफी नाही.

“भंगारवाल्यानं परत आणून दिला,” मी म्हणालो. “सांगितलं ना, भाविक आहे.”

सरांनी फुंकर मारून काड्या उडवल्या, पालीची अंडी पाहून ‘शी’ केलं, दोन्ही डब्यांत वायर घातली. जुना खोकला, नवा गुरगुरला. पंधरा मिनिटांची पंचावन्न झाली.

मग पडद्यावर नावं उमटली. पांढरा. पिवळा. काळा.

“बघा!” सर उभेच राहिले. “म्हटलं नव्हतं?”

पांढरा उघडला. रिकामा. पिवळा उघडला. रिकामा. काळा... तोही.

“नावं आली,” सर हळूच म्हणाले. “आत काही नाही.”

“मठांचं असंच होतं,” अक्का म्हणाल्या.

मी हसलो. सर नाही हसले. त्यांचे कान लाल झाले होते.

“अक्का, पस्तीस वर्षं मी हेच शिकवलंय हो.”

“मग आता थोडं बघा.”

सर खाली बसले. बराच वेळ त्यांनी कशालाच हात लावला नाही. पडद्यावर जे लिहिलं होतं ते वाचलं. पुन्हा वाचलं.

“पत्रं आलीत,” ते म्हणाले. “पण त्यांची यादी जुन्या घरची आहे. कोण कुठल्या खोलीत ते त्या घरातलं सांगते, म्हणून इथं कुणी सापडत नाही. ही यादी फेकतो. नवी आपोआप तयार होईल.”

“फेका,” अक्का म्हणाल्या.

फेकली. पडदा क्षणभर पांढराफटक झाला आणि मग खळ्यात धान्य पडावं तशी पत्रं पडू लागली. पांढऱ्यात पडली, पिवळ्यात पडली, काळ्यात तर थांबेनात.

मी दाराकडं सरकलो.

“हे काय?” सर पुढं वाकले. “पांढऱ्या कप्प्याशेजारी बारीक बाण दिसतोय. आत अजून एक कप्पा आहे.”

“उंदरांचा असेल,” मी म्हणालो. “नका उघडू.”

सरांनी बाण दाबला.

चौथीपर्यंतच शिकलोय. पण स्वतःचं नाव मला शंभर पावलांवरून वाचता येतं.

भुजंगा.

सरांनी तो कप्पा उघडला.

“कमाल आहे. कप्प्याचं नाव भुजंगा, आणि आतली सगळी पत्रं कुणा सुमनबाई तिडक्यांची. काहीतरी गोंधळ झालाय. सिंपल आहे, मी ही बाहेर काढून...”

“राहू द्या तिथंच,” अक्का म्हणाल्या.

“आणि गंमत बघा, सगळी पत्रं मंगळवारची.”

“बाजार असतो,” अक्का म्हणाल्या. “शेवटचं वाचा. त्याचंच उत्तर राहिलंय.”

सर वाचू लागले. मोठ्यानं, वर्गात वाचावं तसं.

“‘अक्कांना साष्टांग नमस्कार. माझ्या घरी एक म्हातारा गडी आहे. एकतीस वर्षं झाली. काम कमी, तोंड फार. सगळ्यांची थट्टा करतो. इतक्या वर्षांत काही शिकला नाही. आता त्याचे गुडघे गेलेत. लाकूड एका घावात फुटत नाही. त्याला ठेवावं का घालवावं? तो स्वतः विचारत नाही. घाबरतो. आपली, सुमन.’”

जुना डबा तेवढा खोकत होता...

“काय बाई आहे!” सर म्हणाले. “एकतीस वर्षं राबलेल्या माणसाला...”

ते थांबले. पडद्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. माझ्या गुडघ्यांकडं पाहिलं. पहिल्यांदाच ‘सिंपल आहे’ म्हणाले नाहीत.

अशा वेळी मला एखादी चेष्टा सुचते. नाही सुचली.

मी खुंटीवरची घोंगडी काढली. खांद्यावर टाकली.

“हो. मीच सुमन,” मी म्हणालो. आवाज बारीक काढला नाही. “रीत तुमची, मोडली मी. सहा वर्षं मोडली, दर मंगळवारी मोडली. माफी मागणार नाही. अजून एकतीस वर्षं दिलीत तर परत मोडीन, आणि या खेपेला काशीची बाई होईन.”

अक्कांनी कीबोर्डवरची कडब्याची काडी उचलून बाजूला ठेवली.

“आणि तुम्हीही मोडलीत! कप्प्यावर माझं नाव घातलंत. ठाऊक होतं, मग उत्तरं का दिलीत?”

“बाईनं विचारलं होतं. बाई बाहेरची.”

“आणि दुपारची झोप? ती कुणाची बंद केलीत?”

“तिची.” अक्कांनी चष्मा नाकावर वर सरकवला. “त्यानंतर इथली लाकडं वेळेवर फुटायला लागली, एवढं खरं.”

सर खोकल्यासारखं काहीतरी करून तोंड फिरवून बसले.

“हसा, सर. तुम्हाला काय. तुमची खाली चारचाकी उभी आहे, मला या गुडघ्यांनी तीनशे पायऱ्या उतरून पुढं चालायचंय.” मी उंबऱ्यावर उभा राहिलो. गुडघा कटकन वाजला. सगळ्या खोलीनं ऐकला. “उतरतो, अक्का. बसलिंग उतरला, मीही उतरेन. पण तो प्रश्न टाकून रिकाम्या हातानं गेला. मी नाही जायचा. पाच आठवडे वाट बघितलीय. आज तोंडावर विचारतो, माझ्या आवाजात, मिशीसकट. त्या गड्याला ठेवायचं का घालवायचं?”

अक्कांनी कीबोर्ड पुढं ओढला. एक बोट उचललं. एकेक अक्षर वेचायला लागल्या.

मी घोंगडीसकट परत आत आलो. त्यांच्या खांद्यावरून वाकलो. पहिलं अक्षर दिसलं, दुसरं दिसलं...

अक्कांनी पदर पसरून पडद्यावर टाकला.

“अहो, प्रश्न माझा आहे!” मी म्हणालो.

“पत्र सुमनबाईंचं आहे. त्यांना मंगळवारी पोचेल,” अक्का म्हणाल्या. “आतल्या माणसानं विचारायचं नसतं.”