कोऱ्या कापडाची गोधडी

नदीकाठच्या एका गावात एकदा असं घडलं.

त्या गावात आवडाबाई नावाच्या एक वृद्धा राहत. वय सत्तरीच्या पलीकडे गेलेलं, दात दोन-चार उरलेले, पण सुईत दोरा ओवायला त्यांना अजून चष्मा लागत नसे आणि त्याचा त्यांना थोडा ताठाही होता. गोधडी शिवण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. दुपारची जेवणं उरकली की दहा-बारा बायका आपापली बोचकी घेऊन त्यांच्या ओसरीवर शिकायला जमत. आवडाबाई शिकवत कमी आणि विचारत जास्त. कुणी नवं काम काढलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुणासाठी?" नुसतं नाव सांगून भागत नसे. तो माणूस कोणत्या कुशीवर झोपतो, पाय पोटाशी घेतो की सैल सोडतो, त्याला घाम येतो का, हे सारं सांगावं लागे. एखाद्या बाईला स्वतःच्या नवऱ्याबद्दल एवढं सांगता आलं नाही, तर आवडाबाई तिला हसून घरी पाठवत आणि आधी नीट बघून ये म्हणत.

या शिष्यांमध्ये सगुणा सर्वांत निष्णात होती. वय पंचेचाळिशीचं, लग्न झालेली एक मुलगी, आणि बोटांत अशी कला की तिचा धावदोरा पाहून बायका म्हणत, मुंग्यांची रांगसुद्धा इतकी सरळ चालत नाही. पण कौतुक ऐकून ती कधी हरखत नसे. तिच्या मनाला एक घोर लागलेला होता.

तो घोर होता तिच्या वडिलांचा. नदीच्या वरच्या अंगाला, चार कोसांवर, नावेच्या जुन्या उताराशेजारच्या एका खोलीत ते एकटे राहत. चाळीस वर्षं त्यांनी त्या उतारावर नाव चालवली होती. पुढे पूल झाला, नाव काठावर पालथी पडली, बायको वारली. हा मनुष्य मात्र नदी सोडून हलला नाही. सगुणेनं आणि जावयानं किती विनवलं, तरी ऐकेनात. लेकीच्या घरी राहायचं नाही आणि लेकीचं काही घ्यायचं नाही, हा जुन्या वळणाच्या माणसांचा नेम. त्यात हा तर वल्ह्यानं हातांना घट्टे पडलेला नावाडी. एकदा नाही म्हटलं की नाही.

सगुणा दर दिवाळीला त्यांच्यासाठी काहीतरी शिवून नेई. कधी रुईभरली बंडी, कधी कानटोपी, कधी गोधडी. म्हातारा ती वस्तू दोन्ही हातांनी घेई, टाक्यांवरून बोट फिरवी, तोंड भरून वाखाणी. मग कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटीत ठेवून देई आणि म्हणे, "तुझीच ठेव हाय. जपून ठिवतो." स्वतः निजायचा गोणपाटावर, वरून एक घोंगडी, आणि त्या घोंगडीला इतकी भोकं की ती अंगावर घेतली काय आणि न घेतली काय.

गेल्या थंडीत त्यांची छाती भरली. तालुक्याच्या दवाखान्यात बारा दिवस काढावे लागले. निघताना डॉक्टरांनी सगुणेला बाजूला घेऊन बजावलं, या खेपेला वाचले, पण पुन्हा असा गारठा बसला तर त्यांची फुप्फुसं तो सोसणार नाहीत. काहीही करा, त्यांना उबेत ठेवा. हे ऐकल्यापासून वर्षभर ती बाई येणाऱ्या थंडीला भिऊन होती.

आणि मग तिनं ते केलं, जे आपण प्रेमळ माणसं नेहमी करतो. दिलेलं घेतलं जात नाही, म्हणजे ते पुरेसं चांगलं नसावं, असं ती धरून चालली. भाद्रपदापासून तिनं नवी गोधडी धरली. निळ्या खणाचे बारीक तुकडे, काठाला त्रिकोणी ठिगळांची वेल आणि मधोमध पाण्यावर तरंगणारी एक नाव. दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा ती गोधडी पुरी झाली. तिनं ती ओसरीवर पसरली, तशा सगळ्या बायका हातातलं काम टाकून बघत राहिल्या.

आवडाबाईंनी गोधडी उलटून पालटून पाहिली. मग विचारलं, हे बघून वडील काय म्हणतील? सगुणा म्हणाली, छान आहे म्हणतील. आणि पुढं? पुढं काय होणार ते सगुणेला ठाऊक होतं. पेटीत अजून थोडी जागा शिल्लक होती. एवढ्या बायकांसमोर ती हुंदके देऊन रडली.

आवडाबाईंनी तिला रडू दिलं. गोधडीची घडी घालून ती स्वतःच्या उशाखाली ठेवली आणि ही माझ्याकडे राहू दे म्हणाल्या. मग, काही संबंध नसल्यासारखं, त्यांनी विचारलं की तुझ्या लेकीला कितवा महिना? सगुणेनं डोळे पुसत सांगितलं, पाचवा.

दुसऱ्या दिवशी आवडाबाईंनी फडताळातून कोऱ्या मांजरपाटाचा एक ताग्यासारखा गठ्ठा काढला. खळीनं कडक झालेलं, हाताला खरखरीत लागणारं ते कापड त्यांनी सगुणेपुढे टाकलं. आत भरायला आपली दोन जाडजूड लुगडी दिली. म्हणाल्या, याची गोधडी शीव, तुझ्या नातवंडासाठी.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. तान्ह्या बाळाच्या अंगाला कोरं कापड लावायचं नाही, हा धडा त्यांना आवडाबाईंनीच दिलेला. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या अंगावर वापरून मऊ झालेलं कापड बाळाला लागतं; त्यानं त्या माणसाचं आयुष्य बाळाला मिळतं, असं त्या सांगत. एकीनं हौसेनं नव्या रेशमाचं दुपटं आणलं होतं, तर त्यांनी तिला ते सगळं उसवायला लावलं होतं. आणि आज त्याच बाई बाळासाठी मांजरपाट देत होत्या, तेही पुरुषभर लांबीच्या गोधडीला. एवढी मोठी कशाला, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या की मागाहून कापून चार दुपटी निघतील. ओसरीच्या टोकाशी कुणीतरी कुजबुजलं, आजींचं आता वय झालं.

सगुणेनं गोधडी शिवली, पण मनातून ती रागावली होती. बाप तिकडे गारठणार आणि आपण इथे खरखरीत कापडाला टाके घालत बसलोय, असं तिला वाटत होतं. आठव्या दिवशी काम संपलं. तिनं गोधडी आवडाबाईंपुढे ठेवली, म्हणजे जवळजवळ आदळलीच.

"आता ही घेऊन तुझ्या आबांकडं जा," आवडाबाई म्हणाल्या.

"देऊ त्यांना? ही?"

"देऊ नको. ही मऊ करून मागायची. म्हणावं, पणतवंडाला अंगाखाली घालायची हाय आणि कापड तर हे असलं. तुमच्याबिगर घरात वडीलधारं कोण हाय?"

सगुणा थबकली. तिच्या लक्षात सगळं आलं आणि ते तिला पटेना. आजी, आबांना फसवायचं का, असं तिनं विचारलं.

"बाळ यायचंय का न्हाई? त्याला मऊ कापड लागंल का न्हाई? मग फसवणं कुठलं?"

सगुणा गेली. या खेपेला तिनं गोधडी वडिलांच्या हातात दिली नाही. मांडीवर घेऊन समोर बसली आणि मागणं मागितलं. मागताना तिची जीभ अडखळली, कारण तिला त्याची सवय नव्हती. म्हाताऱ्यानं आधी सोपा मार्ग सुचवला, माझं जुनं धोतर घेऊन जा. तिनं सांगितलं की आबा, त्या धोतरात आता बाळ राहणार नाही, भोकांतून खाली पडेल. म्हातारा बऱ्याच दिवसांनी हसला. मग त्यानं गोधडी ओढून घेतली, अंगठ्यानं कापड चोळून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. चार वेळा धुतलं तर, असं तो म्हणू लागला, पण लगेच स्वतःच मान हलवली. पाण्यानं नुसती खळ जाते, ताठपणा अंगाखालीच मोडतो, हे त्याला शिडाच्या कापडावर निजून ठाऊक होतं. बाळ कधी यायचं ते विचारून त्यानं बोटांवर महिने मोजले आणि इतक्या उशिरा का आणलीस म्हणून लेकीलाच चार शब्द सुनावले.

पौषात थंडीची लाट आली. नदीवरून असा वारा सुटला की गुरंसुद्धा गोठ्याबाहेर निघेनात. सगुणा जीव मुठीत धरून वडिलांना बघायला गेली. म्हातारा दारात उन्हाला बसला होता, खांद्यावरून गोधडी घेऊन. खोकला नव्हता. तिला पाहताच त्यानं कामाचा तपशील द्यायला सुरुवात केली. डावीकडचा कोपरा अजून ऐकत नाही; म्हणून रोज उशाकडची बाजू पायथ्याला घेतो; दुपारीसुद्धा सोडत नाही. अंगात त्यानं रुईची बंडी घातली होती, पाच वर्षांपूर्वी तिनं दिलेली. तिची नजर तिकडे गेलेली पाहून तो जरा ओशाळला आणि म्हणाला, ही पेटीत राहून ताठ झालीय, पुढं हिची झबली निघतील. सगुणा पाणी आणते म्हणून नदीवर गेली आणि तिथे पोटभर रडली. हे रडणं सुखाचं होतं.

परतल्यावर ती थेट आवडाबाईंकडे आली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, आजी, इतकी वर्षं मी चांगल्यात चांगलं दिलं ते त्यांनी अंगाला लावलं नाही, आणि हे खरखरीत कापड दिवसभर पांघरून बसलेत. असं कसं?

आवडाबाईंनी सुई कापडात खोचून ठेवली. "पोरी, तुझ्या गोधड्यांत खोट नव्हती. पण ती घेतली की त्यो घेणारा व्हायचा. चाळीस वर्षं ज्यानं लोकांना पार नेलं, त्याला उतारवयात हात पुढं करायला लावत हुतीस तू. माणूस निम्मा थंडीनं गारठतो, आणि निम्मा आपली आता कुणाला गरज न्हाई म्हणून. पहिल्या निम्म्याला तुझी गोधडी पुरी हुती. दुसऱ्याला न्हवती." एवढं बोलून त्यांनी सुई पुन्हा हातात घेतली.

फाल्गुनात सगुणेच्या लेकीला मुलगा झाला. ती निळ्या खणाची सुंदर गोधडी आवडाबाईंनी बाळंतिणीसाठी आपणहून पाठवून दिली. बारशाच्या आदल्या दिवशी सगुणा आबांकडून गोधडी आणायला निघणार, तोच म्हातारा स्वतःच दारात उभा राहिला. काखेत स्वच्छ धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या गोधडीची घडी होती. कापड इतकं मऊ झालं होतं की हातातून निसटत होतं. बाळाला त्यावर निजवलं, त्यानं एकदा आळोखे-पिळोखे दिले आणि ते झोपून गेलं. म्हातारा बराच वेळ नुसता पाहत बसला.

सगुणेला राहवेना. तिनं खाली बसून वडिलांना खरं काय ते सांगायला सुरुवात केली, की आबा, ही गोधडी आणण्यामागं माझ्या मनात...

"ठावं हाय मला," म्हातारा मध्येच म्हणाला. "नावंत पाय ठिवतानाच मला कळायचं, कोण कशासाठी पार निघालंय ते. तू उंबऱ्यात आलीस तवाच उमगलं."

"मग घेतलीत कशी?"

"तू मागितलंस की." बाळाच्या पायाखालची सुरकुती त्यानं बोटानं सरळ केली. "लगीन झाल्यापासनं तू माझ्याकडं कायबी मागितलं न्हाईस, सगुणे. पंचवीस वर्षं. दर दिवाळीला यायचीस, देऊन जायचीस. मला वाटायचं, हिला ठावं झालंय, बापाकडं आता द्यायला काय उरलं न्हाई."

वडिलांची ओढाताण होऊ नये, म्हणून सगुणेनं सासरी आल्यापासून काही मागायचं सोडून दिलं होतं. ती तिची माया होती. त्या मायेचा असा अर्थ निघत असेल, हे तिला स्वप्नातही सुचलं नव्हतं. क्षमा मागावी असं तिला फार वाटलं. पण बारा वर्षं आवडाबाईंच्या ओसरीवर बसलेली ती बाई होती. क्षमा मागून या माणसाला काय मिळणार, हे तिनं मनाशी विचारलं.

मग ती म्हणाली, "आबा, उद्या पाळणा टांगायचाय. तुमच्यासारखी गाठ इथं कुणाला येत न्हाई. बांधून द्याल का?"

म्हातारा लगेच उठला. आढ्याला हात लावून त्यानं लाकूड तपासलं, ठेवलेला दोर दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि जावयाच्या देखत फेकून दिला. असल्या दोरावर माझं पोर टांगायचं नाही, चांगला वळलेला, पुरता आठ हात लांब दोर आणा, असा त्यानं हुकूम सोडला. सगुणा दोर आणायला बाजारात धावली.

वाचकहो, घरातल्या ज्या म्हाताऱ्या माणसाला आपण आजवर सगळं काही पुरवत आलो, त्याच्याकडे आज संध्याकाळी काहीतरी मागून पाहावं.