नदीकाठी थांबणारी भाजी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या वाटांवर आज शेतं उभी आहेत. एक नगरी होती, सगळी कातळावर वसलेली. तिथे गवताची काडी उगवायची मारामार, मग भाजी कुठली! ती यायची दूरच्या मळ्यांतून, बैलगाड्यांनी, नदी ओलांडून.

नगरीला खाऊ घालायचं काम राजाने आपल्या लेकीवर सोपवलं. लेक हुशार, पण भारी उतावळी. तिने पाहिलं, नदीकाठी प्रत्येक गाडी थांबते. झाडाखाली बसलेल्या बाया टोपल्या उपसतात आणि मऊ पडलेली भाजी ओटीत घालून घरी नेतात.

"ही तर दिवसाढवळ्या चोरी," ती म्हणाली. "आता मळ्यातली टोपली थेट नगरीत येईल. मध्ये कुणी हात लावायचा नाही."

टोपल्यांची तोंडं शिवली गेली. बाया उठून गेल्या.

गाड्या लवकर आल्या खऱ्या, पण टोपल्या उघडल्या तर आत मेथीचा काळा चिखल. पुढच्या खेपेला तेच, त्यापुढेही तेच. लोक नुसत्या कण्या शिजवून खाऊ लागले. पोरं सुकली. कितीतरी घरांनी बिऱ्हाडं बैलांवर लादली.

"बाळ," राजा म्हणाला, "माणसं गेली तर मी राज्य कुणावर करू, या कातळावर?"

लेक तडक मळ्यांकडे निघाली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच भाजीच्या गाडीत बसली. नदीकाठी पोचेतो उन्हं चढली होती. तिने शिवण उसवून टोपलीत हात घातला आणि झटकन मागे घेतला. भाजी आतून तापली होती, तव्यावरून नुकत्या उतरलेल्या भाकरीसारखी.

ती तशीच बायांच्या वस्तीवर गेली. "मी तुम्हाला चोर म्हटलं. चुकलं माझं. पण एवढी भाजी वाचवा."

बाया रुसल्या होत्या, आणि का रुसू नये? पण त्यांच्यातली म्हातारी पदर खोचत म्हणाली, "रुसवा उद्याही काढता येईल, बाईसाहेब. भाजी उद्यापर्यंत थांबायची नाही. चला, बसा आमच्यात."

जुड्या सुटल्या, वाफा निघाल्या. नासकी पानं काढून पाणी शिंपडलं, आणि ओल्या गोणपाटाखाली मेथी गार झाली. मऊ वांगी बायांच्या ओटीत गेली. ती नगरीपर्यंत टिकलीच नसती. राजाची लेक बघतच राहिली. कुणी खुडतं, कुणी बांधतं, कुणी गाडी हाकतं, कुणी नदी उतरवतं, कुणी गार करतं. एकाला दुसऱ्याचं नाव ठाऊक नाही, आणि तरी रोज अख्खी नगरी जेवते! तिचे डोळे भरून आले.

संध्याकाळी हिरवीगार भाजी नगरीत शिरली. वेशीपर्यंत पोचलेल्या बिऱ्हाडांनी बैल वळवले आणि घरोघरी चुली पेटल्या. पुढे नदीकाठी बायांसाठी मांडव उभा राहिला, आणि मऊ भाजी त्यांच्या हक्काची ठरली.

तेव्हा लहानथोरांनो, मधली माणसं काय करतात ते पाहिल्यावाचून त्यांना दूर सारू नये. शेतातला घास त्यांच्याच आधाराने ताटात पोचतो.