मार्सेलिनची थाळी

आलात सगळे? पाय आत घ्या, पांघरूण ओढा. धाकट्या, तुला जागा नाही? बस तिथंच काठावर. गोष्ट झाली की बघू.

तर ही फार जुनी गोष्ट. इतकी जुनी की तेव्हा नाताळ जवळ आला की गुरापाखरांना वाचा फुटायची. पण ती ऐकू यायची फक्त लहान मुलांना. समुद्राकाठी केळीच्या बागांचं एक गाव होतं. आपल्यासारख्याच ख्रिस्ती लोकांचं, आणि ताठ मानेचं, बरं का! त्यांची केळी गोड, त्यांची पानवेल हिरवीगार, आणि नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, तर असा की आजूबाजूच्या गावांतून माणसं बघायला यायची.

त्या गोठ्याची एक रीत होती. मुलांनी मातीच्या पसरट थाळीत नाचणी पेरायची. नाताळपर्यंत तिची लुसलुशीत रोपं व्हायची. मग सगळ्या थाळ्या गोठ्यात मांडायच्या. ज्याची नाचणी सगळ्यात दाट, त्याची थाळी म्हणजे त्या वर्षीची गव्हाण. तिच्यातच येशूबाळाला निजवायचं. आणि निजवायचा मान फादरांचा नाही हं, सुईणीचा! आग्नेसआजी गावची सुईण. गावातलं एकूणएक पोर आधी तिच्या हातात रडलेलं. मग हे बाळ दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं?

त्या गावात पास्कूआजोबांची नात होती, मार्सेलिन. दरवर्षी तिची नाचणी विरळ यायची आणि थाळी जायची देखाव्यातल्या उंटांच्या मागे. कुणाला दिसायचीसुद्धा नाही. म्हणून यंदा तिनं गावभर सांगून ठेवलं, "बाळ यंदा माझ्याच थाळीत निजणार." नाक असं वर!

मग तिनं नाचणी पेरली. लगेच एक चिमणी आली. म्हणाली, "मार्सेलिन, मार्सेलिन, पिलांसाठी चार दाणे दे."

मार्सेलिन म्हणाली, "घे की, माझ्याकडे खूप आहेत."

चिमणीनं चार चार करत एक कोपराच साफ केला. मार्सेलिन हसली. कोपऱ्याकडे कोण बघतंय!

मग नाचणी उगवली. काय उगवली म्हणून सांगू! बोट घालायला जागा नाही. तेवढ्यात आली एक शेळी. नुकती व्यालेली. म्हणाली, "मला दूध येत नाही गं. करडू उपाशी आहे. थोडं हिरवं दे."

मार्सेलिननं तोंड वाकडं केलं. पण ते करडू तिच्या पायात घुटमळायला लागलं. मग तिनं नाचणीत बोटानं रेघ ओढली आणि बजावलं, "इथपर्यंतच खायचं." आता शेळीच ती! रेघ कुठली, बिघ कुठली. अर्धी थाळी फस्त. मार्सेलिन दिवसभर फुरंगटून बसली. मग उरलेल्या अर्ध्या थाळीला पाणी घातलं. म्हणाली, "बाळ लहानच असतं. अर्ध्यात मावेल."

मग नाताळचा आदला दिवस उजाडला. आजोबांचा एक म्हातारा बैल होता, हौशा. जन्मभर त्यानं रहाट ओढला होता, गावच्या बागा भिजवल्या होत्या. आता त्याचे दात पडले होते. वैरण चावेना, म्हणून पोटात काही नाही. खाली बसला होता, तो उठेना. मार्सेलिन थाळी घेऊन निघाली, तर तो म्हणाला, "मार्सेलिन, तेवढी मऊ नाचणी मला देशील?"

मार्सेलिननं थाळी पाठीमागे लपवली. "उद्या देते. उद्या सगळी तुला."

हौशा म्हणाला, "उद्या मी नसेन गं."

मार्सेलिन चालायला लागली. कुंपणापर्यंत गेली. तिथं तिला आठवलं, याच हौशाच्या पाठीवर बसून आपण रहाटाभोवती फिरायचो. मग ती तशीच मागे आली. थाळी त्याच्यापुढे ठेवली आणि तोंड फिरवलं. हौशानं थाळी चाटूनपुसून खाल्ली. मग आधी मागचे पाय उचलले, मग पुढचे, आणि उभा राहिला.

मार्सेलिनला आनंद झाला का? कुठला! तिला राग आला होता आणि रडू येत होतं. चांगलं काम केलं की लगेच गोड वाटतं, असं काही नसतं हं.

ती म्हणाली, "मी गोठ्यात येणार नाही." पण पास्कूआजोबा काही ऐकेनात. म्हणाले, "हौशाला उभं करणारी थाळी आहे ती. मान वर करून ने."

मग दिवेलागणीला ती गेली. पोरं हसली, "हिनं माती पेरली, माती उगवली!" मार्सेलिननं गुपचूप थाळी उंटांच्या मागे ठेवली.

मग आग्नेसआजीनं लाकडी येशूबाळाला उचललं. सगळ्यात दाट थाळी इनासची. तिच्यात निजवलं, तर बाळ कलंडलं. मग लुसियाच्या थाळीत निजवलं, तर घसरलं. तिसऱ्या थाळीत तर नाचणीवर फुलं, फुलांवर शंख. बाळाला टेकायलाही जागा नाही. चर्चची घंटा व्हायची वेळ आली, आणि बाळ अजून आजीच्या हातातच!

आजीनं दिवा उचलला आणि उंटांच्या मागे पाहिलं. "ही कुणी खाल्ली गं?"

मार्सेलिन रडत म्हणाली, "चिमणीनं, शेळीनं आणि आमच्या हौशानं."

आजीचा चेहरा उजळला. "अरे, बेथलेहेमात तरी दुसरं काय झालं होतं! सगळं गाव भरलेलं होतं. बाळाला जागा मिळाली ती गव्हाणीत. गुरांनी आधी पोटभर खाल्लं, गव्हाण रिकामी झाली, म्हणून मिळाली!"

मग तिनं बाळाला त्या रिकाम्या थाळीत ठेवलं. अगदी नेमकं बसलं. आणि काय सांगू, लाकडी बाळानं डोळे मिटले! त्याच्याभोवती कुरतडलेल्या मुळांतून हिरवे कोंब वर आले. बाहेर कुणीतरी हंबरलं. बघतात तर हौशा आपल्या पायांनी चालत दारात आलेला! पास्कूआजोबांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. "माझी नात आहे ती!" ते ज्याला त्याला सांगत सुटले. आणि मार्सेलिननं डोळे पुसून नाक पुन्हा वर केलं. करू दे की, तिला शोभतं!

मग घंटा झाली. चिमणीची पिलं उडाली, करडू मोठं झालं, हौशा मऊ मऊ खात पुष्कळ जगला, आणि सगळं गाव सुखात राहिलं. अजून तिथली मुलं नाचणी पेरतात, ती मधे बाळापुरती जागा मोकळी सोडून.

झाली गोष्ट. आता सरका बघू सगळे. अजून थोडं. हं, ये धाकट्या, झाली तुझी जागा. मिटा डोळे.