वेखंडाच्या वासाचं कपाट

फार वर्षांपूर्वी काष्ठौषधींच्या एका दुकानात साठ खणांचं कपाट होतं. दुकान बंद झालं. गिऱ्हाइकं कपाट बघायला येत, पण खण उघडताच वेखंडाच्या उग्र वासानं नाक मुरडून निघून जात. संध्याकाळपर्यंत कोणी नेलं नाही, तर त्याचं जळण होणार होतं.

"कपाटदादा, अंगावर रंधा फिरवून घ्या," तराजू म्हणाला. "वास गेला तरच घर मिळेल."

"वास गेल्यावर माझं काय उरेल, बाबा?"

तेवढ्यात गावरान बियाणं जपणारी साळूबाई आली. तिनं खण ओढला, खोल श्वास घेतला आणि हसली.

"यात माझ्या वालाला कीड लागायची नाही."

पेरणीच्या दिवसांत बायाबापड्या ओंजळी पुढे करून साळूबाईच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा कपाट आपणहून एकेक खण पुढे सरकवू लागलं.