प्लेगच्या कादंबरीत नगराध्यक्ष

करडगावच्या वाचनालयानं प्लेगवरची एक जुनी, गाजलेली कादंबरी नव्यानं छापायला घेतली. कापडी बांधणी, पानोपानी चित्रं, संग्रही ठेवावी अशी देखणी आवृत्ती. चित्रं काढणार होत्या गावातल्याच पारखी बाई.

नगराध्यक्ष दौलतराव निंबोरे वाचनालयाचेही अध्यक्ष. भर सभेत ते म्हणाले, "कोरोनात हे गाव मी सांभाळलं. तेव्हा प्रत्येक चित्रात मी दिसलो पाहिजे. नाहीतर पुस्तक छापायचं नाही!"

आता बोला! कोरोनाभर दौलतराव महाबळेश्वरच्या बंगल्यावर होते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण सगळ्यांनी माना खाली घातल्या. पारखी बाई तेवढ्या म्हणाल्या, "दिसाल की. एकही चित्र सोडणार नाही."

पुढच्या सभेत बाईंनी चित्रं मांडली. ओस पडलेला बाजार, गाव सोडून रानात घातलेल्या झोपड्या, दवाखान्यापुढची रांग. आणि प्रत्येक चित्रात खांबावर नाहीतर झाडावर, हात जोडून हसणारे दौलतराव, फ्लेक्सवर!

दौलतराव कडाडले, "अहो बाई, प्लेगच्या काळात फ्लेक्स कुठे होते?"

"त्या काळात तुम्ही तरी कुठे होतात, साहेब?" बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि आमच्या साथीत तुम्ही गावाला दिसलात ते असेच. मी पाहिलं तसं काढलं."

सभा खो खो हसली. अट तर अक्षरशः पाळलेली. पुस्तक छापलं गेलं.

प्रकाशनाला दौलतराव आले नाहीत. मांडवाच्या दारात त्यांचा फ्लेक्स मात्र हात जोडून उभा होता.